ओले पाय

आपल्या वाङ्मयाने पायांचा जितका गौरव केला आहे तितका देहाच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवाचा क्वचितच केला असेल. भक्त देवाच्या मुखाकडे पाहण्याआधी त्याच्या चरणांकडे पाहतो. वडील माणसांपुढे आपण वाकतो ते त्यांच्या पायांशी. आणि पाहुणा दारी आला की पूर्वी पाण्याचा पहिला तांब्या पुढे येई तो पाय धुण्यासाठी. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र पायांइतका उपेक्षित अवयव दुसरा नाही. गालावर एक पुटकुळी उठली तर दिवसातून चार वेळा आरशापुढे उभा राहणारा गृहस्थ टाचेच्या भेगेकडे महिनोन् महिने ढुंकूनही पाहत नाही.

आमच्या कागलकडे ह्या विसंगतीला आणखी एक रंग चढला आहे. आमच्या तालुक्यातील सेनापती कापशी हे गाव पायताणांसाठी नावाजलेले. कापशीची चप्पल पायांत घालून, तिचा करकर आवाज करीत पेठेतून जाण्यात आमच्या वडिलांच्या पिढीला जो अभिमान वाटे तो रेशमी पागोट्यातही वाटत नसावा. २०२५ साली इटलीतील प्राडा ह्या बड्या पेढीने मिलान शहरी कोल्हापुरी घाटाचे पायताण मिरविले, आणि त्याचे मूळ गाव सांगावयास ती विसरली म्हणून आम्ही सारे खवळून उठलो. खवळणे योग्यच होते. परंतु ज्या तालुक्याने असे पायताण घडविले त्याच तालुक्याच्या मळ्यांत दर हिवाळ्यात हजारो माणसे अनवाणी, किंवा तळ झिजून आरपार झालेल्या रबरी सपाता घालून, पहाटेच्या दवात ऊस तोडीत असतात, ह्याबद्दल कोणी खवळल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

हे मी नीतीचा पाठ म्हणून सांगत नाही. मला बोलावयाचे आहे ते रोगजंतूंविषयी, आणि रोगजंतूंच्या कथेत पायांना फार मोठे स्थान आहे.

प्लेगचेच पाहा. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप सुरू झाला आणि पुढील चार-दोन वर्षांत तो घाट चढून आमच्याकडे येऊन ठेपला. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेले शाहू महाराज होते. घरांत उंदीर पडू लागले की गाव मोकळे करावे आणि माळावर झोपड्या घालून राहावे, ही त्या काळची रीत. आमच्या घरातील वृद्ध स्त्रिया आपल्या सासवांकडून ऐकलेल्या माळावरच्या त्या हकीकती सांगत, त्यांत भीतीबरोबर थोडी सहलीची मौजही मिसळलेली असे. प्लेगचा जंतू येरसीन ह्या शास्त्रज्ञाने १८९४ साली हाँगकाँग येथे ओळखला होता. पण तो उंदरातून माणसात कोणत्या वाटेने येतो हे कोणास ठाऊक नव्हते. १८९८ साली कराचीस सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरील पिसवेकडे बोट दाखविले, तेव्हा विद्वानांनी त्याची थट्टा केली. पुढे दहा वर्षांच्या आत त्याचे म्हणणे सर्वमान्य झाले.

ह्या पिसवेची उडी वीतभरही उंच जात नाही. म्हणून ती चावे ती बहुधा पायाला, आणि म्हणून प्लेगची गाठ बहुधा जांघेत येई. साहेबाच्या बंगल्यात प्लेग क्वचितच शिरला. तेथे पायांत बूट होते, निजावयास पलंग होता, आणि धान्याची कोठी उशाशी नव्हती. जो जमिनीवर निजत होता, अनवाणी हिंडत होता आणि ज्याच्या घरात माणसे व धान्य एकाच छपराखाली नांदत होती, त्याच्याकडे जंतूची पावले वळली. ह्या भेदात विद्येची गणना नव्हती. नव्या मराठी कवितेचा प्रवर्तक म्हणून आपण ज्यांस मान देतो ते केशवसुत १९०५ च्या नोव्हेंबरात, चाळिशीही पुरी होण्याआधी, हुबळीस प्लेगनेच गेले. कागलवरून बेळगाव-धारवाडकडे जाणारा जो रस्ता आहे तोच पुढे हुबळीस पोचतो. ते शाळेत मास्तर होते. साहेबाच्या बंगल्यापेक्षा धान्याच्या कोठीशीच त्यांचे शेजार अधिक.

प्लेग गेला, आणि त्याबरोबर उंदराची दहशतही गेली. उंदीर मात्र गेला नाही. तो आता उसात राहतो. उसाचे शेत म्हणजे उंदराला मिळालेले आयते राज्यच. वर्षभर सावली, वर्षभर ओलावा, आणि खावयास साखर. त्याच्या मूत्रपिंडात एक मळसूत्री जंतू सुखाने नांदतो व मूत्रावाटे ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात उतरतो. ओल असेल तर तेथे तो कित्येक आठवडे जिवंत राहतो. माणसाच्या कातडीला बारीकशी जखम असली, किंवा पाण्यात भिजून भिजून ती मऊ पडली असली, की तेवढी वाट त्याला पुरते. ह्या रोगाला डॉक्टर लेप्टोस्पायरोसिस म्हणतात. कोकणातील लोकांनी त्याचे सुटसुटीत ‘लेप्टो’ करून टाकले आहे.

ह्या जंतूचे नाव ऐकून माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षकास कुतूहल वाटल्याशिवाय राहिले नाही. १९०७ साली स्टिम्सन नामक अमेरिकन डॉक्टराने पीतज्वराने मेला असे समजलेल्या एका मनुष्याच्या मूत्रपिंडात तो प्रथम पाहिला. त्याचे टोक आकड्यासारखे वळलेले दिसले, इंग्रजी प्रश्नचिन्हाच्या घाटाचे. म्हणून स्टिम्सनने त्याचे नाव ‘इंटरोगन्स’, म्हणजे प्रश्न करणारा, असे ठेविले. शास्त्रज्ञ अधूनमधून नकळत कवी होतात ते असे.

हा प्रश्न तो कोणाला करतो, हे त्याच्या इतिहासावरून दिसते. जपानात इनादा आणि इदो ह्या शास्त्रज्ञांनी १९१५ च्या सुमारास हा जंतू ह्या रोगाचे कारण म्हणून सिद्ध केला, तो क्यूशू बेटावरील कोळशाच्या खाणींत पाण्यात उभे राहून काम करणाऱ्या मजुरांमध्ये. त्याच वेळी युरोपात महायुद्ध चालू होते, आणि खंदकांतील चिखलात गुडघाभर उभ्या असलेल्या शिपायांस हाच ताप येत होता. हिंदुस्थानात टेलर आणि गोयल ह्यांनी १९३१ साली त्याची नोंद केली ती अंदमानातून. आणि अंदमानात त्या काळी जंगल कोणाकडून तोडून घेत, हे मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको. पुढे कोकणातील भातखाचरांत चिखलणी करणारे शेतकरी, शहरांतील गटारे उपसणारे कामगार, २६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबईच्या रस्त्यांवरून कमरभर पाण्यातून घरी परतलेले लोक, ही सारी ह्याच यादीतील नावे. जगात दर वर्षी सुमारे १० लाख ३० हजार माणसांना हा रोग होतो आणि सुमारे ५८,९०० माणसे त्याने मरतात, असा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झाला. ह्या यादीत खाणीचा मालक नाही, सेनापती नाही, आणि तुरुंगाचा साहेबही नाही. ज्यांचे पाय दुसऱ्याच्या कामासाठी ओले होतात त्यांचीच ही यादी आहे.

उसाच्या बाबतीत ही गोष्ट स्पष्ट शब्दांत मांडली गेली ती ऑस्ट्रेलियात. उत्तर क्वीन्सलंडमधील इंगम नावाच्या गावाभोवती १९३३-३४ च्या सुमारास ऊस तोडणाऱ्या मजुरांत कावीळ होऊन माणसे मरू लागली. हे मजूर बरेचसे परदेशांतून, विशेषतः इटलीतून, पोटासाठी आलेले. फड दमट, पाचटात उंदीर, आणि उसाच्या पात्याने हातापायांवर रोज नवे ओरखडे. मजुरांची मागणी एकच होती: तोडणीआधी फड पेटवून द्या, पाचट जळेल, उंदीर पळतील, आणि जमीन कोरडी होईल. बागाईतदारांचे म्हणणे असे की, जळालेल्या उसाचा उतारा घटतो आणि तो त्वरित गाळावा लागतो. इंगमकडे फड जाळण्याची आज्ञा झाली. ती दुसऱ्या भागांतही लागू व्हावी म्हणून १९३५ साली मजुरांनी संप केला, तोही स्वतःच्या संघाच्या पुढाऱ्यांचा विरोध पत्करून. पुढे त्या प्रांतात ऊस जाळून तोडण्याची रीतच पडून गेली. गंमत अशी की, कालांतराने तोडणीची यंत्रे आली, फडात माणसाचा पाय पडेनासा झाला, आणि मग पाचट जमिनीवर राहू देणे हे जमिनीच्या आरोग्यास किती उपकारक आहे ह्याचा शोध लागून तेथील लोक पुन्हा हिरवा ऊस तोडू लागले.

आमच्याकडे फड पेटविण्याची चाल मजुरांच्या आरोग्यासाठी कधी पडली नाही, आणि पडावी असेही मी म्हणणार नाही. त्या धुराने साऱ्या शिवारातील माणसे खोकतात, आणि मातीचे नुकसान होते ते निराळेच. शिवाय जळीत उसाला कपात लागते, म्हणून शेतकरी त्याला भितो. म्हणजे येथेही हिशेब उताऱ्याचाच. त्या हिशेबात पायांचा रकाना नाही.

दिवाळी आटोपली की बीडकडून, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. माणसांची मोजदाद येथे अवजाराने होते. हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फेडण्यासाठी हे पाच महिने. पाचटाची कोपी, समोर तीन दगडांची चूल, आणि पाणी असेल तेथून. पहाटे चारला फडात शिरावयाचे. चुलत्यांचा मळा दूधगंगेच्या काठी आहे. तेथील जमीन इतकी ओल धरून ठेवते की, पाणी तोडून पंधरा दिवस झाले तरी बुडख्याशी पाय रुततो. तेथे उभे राहून वाकून तोडावयाचे, मोळ्या बांधावयाच्या, आणि मग तीच मोळी डोकीवर घेऊन फळीवरून ट्रकवर चढावयाचे.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात त्या मळ्यात एका बाईला ताप भरला. वय पस्तिशीचे असेल. तिसऱ्या दिवशीही ती कामावर होती, कारण एकाने कोयता टाकला तर दुसऱ्याचाही दिवस बुडतो, आणि बुडालेल्या दिवसाचा खाडा वहीत चढतो. जवळच्या गावी जाऊन तिने एक सुई आणि सलाईनची एक बाटली घेतली होती. पैसेही दिले होते. त्या दिवशी माझे एक डॉक्टर मित्र हुरडा खावयास म्हणून माझ्याबरोबर मळ्यात आलेले. ते कोपीपाशी थांबले, तिच्या डोळ्यांत पाहिले, आणि तिची पोटरी बोटांनी किंचित दाबली. ती कळवळली.

“कधीपासून दुखतंय हे, ताई?” त्यांनी विचारले.

“पोटऱ्या व्हय? त्या रोजच दुखतेत, डॉक्टरसाहेब,” ती म्हणाली. “कोयत्यावर आल्यापासून दुखतेत.”

ह्या उत्तराने डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. मागाहून गाडीत बसल्यावर मला म्हणाले, “प्राध्यापक, तुमच्या घरात कुणाला ताप येऊन पोटऱ्या ठणकू लागल्या, तर ते मला दहा मिनिटांत फोनवर सांगतील, आणि मी निम्मे निदान तिथेच करीन. इथे मी काय विचारू?” ह्या रोगाच्या पहिल्या दिवसांतील मोठी खूण म्हणजे पोटऱ्यांची ठणक आणि लाल झालेले डोळे. परंतु दुखणे हे लक्षण ठरण्यासाठी आधी न दुखण्याची सवय असावी लागते. जिचे अंग वर्षाचे पाच महिने दुखतच असते तिच्या अंगात नवे दुखणे शिरले तर ते वेगळे ओळखू येणार कसे? आणि डोळे म्हणावे तर धुळीने आणि चुलीच्या धुराने साऱ्या टोळीचेच लाल. वैद्यकाच्या पुस्तकातील लक्षणे ही स्वस्थ माणसाचे चित्र समोर ठेवून लिहिलेली असतात, हे मला त्या दिवशी समजले.

तिला त्याच संध्याकाळी कोल्हापुरास हलविले. डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागला होता आणि लघवी जवळजवळ बंद झाली होती. पेनिसिलीन दिले, दोनदा यंत्राने रक्त शुद्ध केले, आणि तीन आठवड्यांनी ती चालत परत आली. औषध जुने आणि स्वस्त आहे. पहिल्या चार दिवसांत मिळाले तर साध्या गोळ्यांनीही भागते. ते चार दिवस फडात गेले होते.

जंतूला आत येण्याची वाट पायांतूनच मिळते असे नाही. कोपीला न्हाणी नाही, आडोसा नाही. उजाडण्यापूर्वी आणि मावळल्यानंतरच बाहेर जाता येते, म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. मासिक पाळीतही तेच ओझे आणि तेच पाणी. मग मूत्रमार्गाचे, योनिमार्गाचे संसर्ग होतात, अंगावरून जाते, कंबर भरून येते. आपल्या घरांतील स्त्रियांना हेच झाले तर आठ-दहा दिवसांच्या गोळ्यांवर काम भागते. ह्या बायकांना काय झाले ते २०१९ साली सरकारने नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढून टाकलेले होते. कित्येकींचे वय तिशी-पस्तिशीचे. पाळी नको, खाडा नको, वारंवार दवाखाना नको. एकदाच काय तो खर्च. गोळीने जाणारा जंतू सुरीने काढला गेला. हे आकडे मी वर्गात एकदा सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरील बीडकडची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, आमच्याकडे हे बातमीत यायच्या आधीपासून सगळ्यांना माहीत होतं.”

२०१९ च्याच ऑगस्टात पंचगंगेच्या पुराने पुणे-बंगळूरचा महामार्ग शिरोलीपाशी कित्येक दिवस बंद पडला, आणि आमच्या दूधगंगा-वेदगंगांनीही काठ सोडला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी ओसरताच आरोग्यखात्याची माणसे घरोघर आली आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देऊन गेली. पुराचे पाणी तुडविले आहे, पायांना जखमा असतील, लेप्टो होऊ नये म्हणून घ्या, असे त्यांनी समजावून सांगितले. ह्या दक्षतेबद्दल मला खरोखरच आदर वाटला. आम्ही मंडळींनी त्या गोळ्या जेवणाआधी की नंतर, दुधाबरोबर चालतील काय, पित्त तर होणार नाही ना, असे नाना प्रश्न विचारून त्या बिचाऱ्या आरोग्यसेविकेस अर्धा तास उभे केले. ही युक्ती नवी नाही. पनामाच्या अरण्यात शिक्षणासाठी गेलेल्या अमेरिकन शिपायांना आठवड्यास एक मात्रा देऊन पाहिली होती. ती न मिळालेल्यांत शंभरी चारजण आजारी पडले, मिळालेल्यांत पाचशेत एक. त्याचा अहवाल १९८४ चा आहे.

पूर पावसाळ्यात येतो. तोडणी करणारी माणसे त्या वेळी आपल्या कोरड्या गावी असतात. ती येथे येतात तेव्हा नदी शांत असते, आकाश स्वच्छ असते, आणि ओल काय ती फडाच्या बुडख्याशी. त्या ओलीची बातमी होत नाही.

सरकारी कागदांत ह्या लोकांना ‘जोखमीचा गट’ म्हणतात. मला हा शब्द खटकतो. त्याने असा भास होतो की, काही माणसांच्या रक्तातच जोखीम असते, जसे कोणाचे डोळे घारे असावेत तसे. ती बीडची बाई आपल्या गावी ज्वारीच्या कोरड्या शेतात असती तर कोणत्याही गटात नसती. तिच्या अंगात जोखीम नव्हती. ती फडात होती, वहीत होती, आणि चार वाजता सुरू होणाऱ्या दिवसात होती. आपल्या घरातील म्हातारी माणसे, मधुमेही, तान्ही मुले ह्यांनाही हाच शब्द लावतात. पण वार्धक्याला उपाय नाही, आणि चिखलाला आहे.

उपाय आहे म्हणालो खरा, पण तो वाटतो तितका सोपा नाही. त्या प्रकारानंतरच्या हंगामात चुलतभावाने टोळीसाठी गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांचे अकरा जोड आणले. चार दिवसांनी पाहतो तर सगळे पुन्हा अनवाणी. मी मुकादमाला विचारले, तेव्हा एक पोरगेलासा तोडणीवाला मध्येच बोलला, “मालक, बूट घालून फळीवर चढलं की पाय सरकतोय. मोळीसकट खाली आलो तर कंबरडं जाईल. ताप आला तर येईल, नाही तर नाही. पण पडलो तर पडलोच.” ह्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. बूट ज्याने घडविला त्याने फळी पाहिलेली नव्हती. मग भावाने फडाच्या कडेला स्वच्छ पाण्याचा एक पिंप, साबण आणि जखमेवर बांधावयाच्या पट्ट्यांचा डबा ठेवला. त्याचा मात्र उपयोग झाला. दुपारी काम सुटले की बायका तेथे रांगेने पाय धूत. पट्ट्या दर आठवड्याला नव्या आणाव्या लागत.

मार्चअखेर टोळी गेली. कोप्या मोडताना मेढींना टांगलेले बुटांचे नऊ जोड सापडले. दोन जोड ती माणसे बरोबर घेऊन गेली होती.